बोर्डाच्या पलीकडून

“सही करणार नाही म्हणजे नाही,” असं म्हणत छोटूने तो कागद टेबलावर परत सरकवला आणि हातातला चहाचा कप नेमका त्याच्यावरच टेकवला.

कपाच्या बुडाचा ओला गोल कागदावर उमटला. ताईने तो पाहिला आणि इतकी वर्षं मनाच्या तळाशी दडपून ठेवलेलं काहीतरी तिच्या आत ताठ उभं राहिलं. ती काही रडूबाई नव्हती. आयुष्यात गिळायचे तेवढे आवंढे तिने गिळले होते, पण त्या ओल्या गोलाने तिचा जीव असा काही जळला, की तिने कप उचलला, मोरीत रिकामा केला, कागद ओढणीने पुसला आणि पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

कागद होता वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेचा अर्ज. उमेदवाराने परवानाधारक कंत्राटदाराच्या हाताखाली काम केलं आहे, अशी त्या कंत्राटदाराची सही त्यावर लागे. आणि असा कंत्राटदार घरातच होता. तिच्या पाठचा भाऊ! दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच, ओठावर भरघोस मिशा, बाहेर सगळे त्याला साहेब म्हणत, आणि घरात मात्र तो अजूनही छोटूच होता.

“तुला कशाला हवाय परवाना?” तो म्हणाला. “मी आहे ना.”

“तुला कशाला हवा होता?”

“माझं वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं ते सांग. ऐकतेय मी.”

छोटूने आईकडे पाहिलं. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा धूत होती.

“ताई, उगाच माझ्याकडून वदवून घेऊ नकोस,” तो आवाज उतरवून म्हणाला. “तुला करंटची भीती वाटते. सगळ्या घराला माहीत आहे. बोर्डासमोर उभी राहिलीस की हात थरथरतील तुझे. परक्या लोकांसमोर कशाला शोभा करून घ्यायची?”

आईच्या हातातलं पातेलं क्षणभर थांबलं. करंटची भीती... ही गोष्ट या घरात कुठून आली, हे त्या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला आणि ताईला, दोघींनाच ठाऊक होतं, आणि दोघींनीही ती अशी जपली होती की आता तीच खरी वाटू लागली होती.

भिंती फोडायच्या त्या ताईने. पाईप वाकवायचे, त्यातून तारा ओढायच्या, कुठल्या खोलीची तार कुठून फिरवली तर कमी लागेल ते नुसतं दारात उभं राहून सांगायचं, तेही ताईनेच. केसांत सिमेंट, नखांत सिमेंट... आणि सगळ्या तारा एकदा बोर्डाच्या खोक्यापर्यंत आल्या, की साहेब यायचे! हात पुसायचे, स्टुलावर चढायचे, बोर्ड जोडायचे, दिवा लावायचे आणि घरमालकाकडून वाहवा घेऊन उतरायचे. बोर्डाला हात लावायचा नाही, हा त्याचा एकच नियम होता आणि ताईने तो इतकी वर्षं निमूट पाळला होता.

“बरं,” ती म्हणाली. “सही नाही, तर उद्यापासून कामही नाही. भिंती तू फोड, पाईप तू वाकव. मला बघू दे, तुझे हात थरथरतात का.”

तिने दुसऱ्या दिवशी खरोखरच पाय बाहेर टाकला नाही. खिडकीशी बसून परीक्षेचं पुस्तक वाचत राहिली. छोटूने पहिल्या दिवशी फुशारकी मारली, दुसऱ्या दिवशी गप्प राहिला, आणि आठवडा सरायच्या आत एका घरात त्याची तार पाईपच्या वळणात अशी अडकली की ना पुढे जाईना ना मागे येईना. घरमालक वैतागला, त्याची बायको त्याहून वैतागली. भर दुपारी साहेब घरी आले ते मिशांत चुना भरून.

“वळणावर तार अडकली तर काय करतेस तू?” त्याने भिंतीकडे बघत विचारलं.

“सही,” ताई म्हणाली.

आईला हसू आवरेना. छोटूने पेन काढलं, दात-ओठ खात सही केली आणि कागद तिच्याकडे फेकला. “घे. नापास झालीस की गुपचूप परत ये.”

“झाले तर परत येईन. गुपचूप येणार नाही.”

तिने तार मोकळी करून दिली, पण त्यानंतर तिचं मन कामात कमी आणि पुस्तकात जास्त राहिलं. भाजी चिरताना पुस्तक, कपडे वाळत घालताना पुस्तक. आई चष्मा लावून प्रश्न विचारायची आणि अवघड शब्द आला की सरळ गाळून पुढे जायची. “जमिनीत ते जे काय पुरतात, ते कशाला पुरतात?” असं तिने विचारलं, की ताईला उत्तराआधी हसूच यायचं. लेखी परीक्षेची तिला चिंता नव्हती. तिची सारी ईर्षा होती ती प्रात्यक्षिकासाठी. दिलेल्या वेळात एक पूर्ण बोर्ड जोडून दाखवायचा!

“सरावाला तुझ्या दुकानातला एक बोर्ड दे,” तिने छोटूला म्हटलं.

“सही दिली ना? आता बोर्ड परीक्षेतच जोड.”

तिने पुन्हा मागितलं नाही. मागण्याचा तिला मुळातच कंटाळा होता. जुनी फळी घेतली, त्यावर स्क्रू बसवले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती एकटीच सरावाला बसली. शिकवायला कोणी नको होतं तिला... बाबा आता नव्हते, पण त्यांचा तो बोर्ड तिच्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा होता.

छोटू परीक्षेला बसला त्या वर्षी बाबा शिडीवरून पडले होते. कंबर गेली, ती गेलीच. घरात परवाना एकट्या बाबांचा, आणि आता बाबाच अंथरुणाला खिळलेले. घर चालायचं तर दोघा मुलांपैकी एकाला पटकन परवाना मिळायला हवा होता. बाबांना उठून बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या तावाचा बोर्ड बनवून घेतला. छोटू पलीकडून तारा जोडणार आणि बाबा अलीकडून, पडल्या पडल्या, आरपार बघून चुका सांगणार. तो बोर्ड उभा धरायला कोणीतरी हवं होतं. ताई खाटेजवळ उभी राहून तो दोन्ही हातांनी धरून ठेवायची. “धर नीट,” बाबा म्हणायचे. “हलू नकोस.” आणि ती हलायची नाही. दंड भरून यायचे, बोटं बधिर व्हायची, नाकावर माशी बसायची... ती हलायची नाही! पण तिचे डोळे तर मोकळे होते. तार कुठून आली, तिच्या टोकाला पकडीने आकडा कसा केला, तो स्क्रूभोवती कसा घातला, सारं सारं तिने त्या पारदर्शक तावातून पिऊन घेतलं होतं. कोणी शिकवलं नाही म्हणून काय झालं? तिने शिकून घेतलं होतं. आता फळीवर बसून ती तेच आकडे पुन्हा पुन्हा घालत होती, आणि तिच्या हाताला अशी गती आली होती की आईसुद्धा बघत राहायची.

लेखी परीक्षेत ती पास झाली. छोटू “बरं” एवढंच म्हणाला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मोठ्या शेडमध्ये ओळीने बोर्ड टांगले होते. सगळ्या उमेदवारांत ती एकटीच बाई. शेजारचा एकजण दुसऱ्याला कोपराने ढोसून हसला, तेव्हा ताईने त्याच्याकडे इतकं रोखून पाहिलं की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. मग तिने पकड उचलली. हात थरथरले नाहीत. एकदाही नाहीत! इतरांच्या आधी तिचा बोर्ड पुरा झाला, बटण दाबलं, दिवा लागला. तिच्या छातीत काहीतरी असं भरून आलं, की वाटलं, बाबा, बघताय ना...

परीक्षक आले. वयस्क, मितभाषी गृहस्थ. त्यांनी दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेन स्विच बंद केला, पहिली तार चिमटीत धरली आणि हलकेच ओढली. तार सुटून त्यांच्या हातात आली. दुसरी ओढली, तीही आली. तिसरी, चौथी... पिकली फळं झाडावरून काढावीत तशा ते एकेक तार काढत गेले, आणि ताई बघत राहिली.

“आकडा उलटा आहे,” ते म्हणाले. “स्क्रू ज्या बाजूने आवळतो त्याच बाजूने तार फिरली पाहिजे, म्हणजे ती आत खेचली जाते. तुमची तार आवळताना बाहेर ढकलली जातेय. आज दिवा लागेल. पण सैल तार तापते, आणि मग एक दिवस घर पेटतं.” त्यांनी हातातल्या तारा पुन्हा एकदा पाहिल्या. “एखादा चुकला असता तर समजलो असतो. तुमचे झाडून सगळे उलटे आहेत. कोणी शिकवलं तुम्हाला?”

बाबांचं नाव ओठांवर आलं होतं. भावाचं नाव आलं होतं. या शेडमध्ये छोटूला ओळखणारे किती असतील! उद्या म्हणतील, साहेबांची बहीण, आणि तारा अशा... बाबांनी हयातभर मिळवलेलं नाव तिच्या एका उत्तराने मातीत जाईल... तिने मान खाली घातली.

“कोणीच नाही,” ती म्हणाली.

घरी छोटू वाट बघत बसला होता. तिच्या चेहऱ्यावरून तो काय ते समजला. तो हसला नाही, टोमणा मारला नाही, उलट तिच्यासाठी खुर्ची ओढली. तेच तिला सोसलं नाही.

“जाऊ दे, ताई,” तो हळुवारपणे म्हणाला. “मी सांगितलं होतं ना. हात थरथरले असतील...”

“माझे हात थरथरले नाहीत,” ती म्हणाली. “तारा सुटल्या. बस इथे. बस म्हणते ना. बघ मी काय केलं ते.”

तिने फळी त्याच्यापुढे आपटली, पकड घेतली आणि कामाला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात आपलं काम बिनचूक करत होते. छोटू आधी नुसता बघत होता. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. मग तो पुढे वाकला.

“हा बाबांचा बोर्ड आहे,” तो म्हणाला. “हीच मांडणी. पण सॉकेट उजवीकडे का घेतलंस? ते डावीकडे होतं. आणि मेन इकडे... आणि आकडा असा उलटा कुठे घालतात?”

“तू घालायचास. इतके दिवस डोळ्यांनी बघितलंय मी.”

“मी जन्मात असा आकडा घातला नाही, ताई. मी तर...”

तो बोलता बोलता थांबला. खुर्चीतून उठला, माळ्यावर हात घातला, आणि जुन्या गाठोड्यांमागून तो बोर्ड खाली काढला. पारदर्शक ताव पिवळा पडला होता, धूळ साचली होती, पण त्याने जोडलेल्या शेवटच्या तारा अजून जागच्या जागी होत्या. शर्टाच्या बाहीने त्याने धूळ पुसली आणि बोर्ड उभा धरला. तो एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. मधे ते स्क्रू, ते आकडे.

“तू तिकडून बघायचीस,” छोटू म्हणाला.

आणि तिला दिसलं. त्याच्या बाजूने जो आकडा उजवीकडे वळत होता, तोच तिच्या बाजूने डावीकडे वळत होता. सगळं तिने पाहिलं होतं, अगदी खरं पाहिलं होतं... पण मागून! जिथे तिला उभं केलं होतं तिथून जसं दिसलं, तसंच ती शिकली होती. एकदा, एकदाच जरी कोणी तिला त्या बाजूला उभं केलं असतं, एखाद्या घरात एक बोर्ड जरी तिच्या हाताने जोडू दिला असता, तर पहिल्याच दिवशी ही चूक उमगली असती.

“एकदा तरी हात लावू द्यायचास,” ती म्हणाली. “एवढ्या घरांची कामं केली आपण. एक तरी बोर्ड.”

“तुला भीती वाटते म्हणून...”

“भीती तिला कधीच नव्हती रे.”

आई दारात उभी होती. इतकी वर्षं ओट्याकडे तोंड करून उभी राहिलेली ती बाई आज त्यांच्याकडे तोंड करून उभी होती.

“आई, नको,” ताई म्हणाली.

“का नको? तू नापास होऊन आलीस, आता आणखी काय झाकायचं राहिलंय?” आई छोटूजवळ आली. “त्या वर्षी अर्ज तिने भरला होता. तू नव्हतास भरला. मग हे पडले आणि म्हणाले, मुलीच्या हाती लोक घराचं काम देणार नाहीत, मुलग्याला बसवा. तू ऐकेनास. म्हणालास, ताईची जागा मी घेणार नाही. जेवायचा बंद झालास, आठवतंय? तेव्हा ही तुझ्याजवळ येऊन म्हणाली, मला करंटची भीती वाटते, माझ्याने होणार नाही, तूच बस. आणि मग तू जेवलास.”

छोटूच्या हातातला बोर्ड हळूहळू खाली टेकला. तो एवढा थोरला माणूस, पण त्याचा चेहरा पाहता पाहता पोरासारखा झाला. ताईला तो चेहरा ओळखीचा होता. ताट दूर सरकवून बसलेला, हट्टाने ओठ मिटलेला तो पोरगा... त्याच्यासाठी तर तिने ते खोटं उच्चारलं होतं, आणि मग ते खोटं अंगावर घेऊन आयुष्यभर चालत राहिली होती.

“म्हणजे मी जिला भित्री म्हणून सांभाळत होतो...” तो तिच्याकडे वळला. “ताई, मी तुला बोर्डापासून लांब ठेवलं ते खरंच तुझ्या काळजीने...”

कुणी दुसरी असती तर एव्हाना तिने त्याला पोटाशी धरलं असतं. ताईचंही काळीज तुटत होतं. पण आज तिला अर्धवट समेट नको होता.

“आधी काळजीने ठेवलंस,” ती म्हणाली. “मग सवय झाली. आणि मग तुला ते बरं वाटायला लागलं. वाहवा तुझी, सिमेंट माझं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, छोटू. एकच सांगू नकोस.”



“तिन्ही खऱ्या आहेत,” तो म्हणाला.

मग मात्र तिला राहवलं नाही. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि तो उंच, मिशाळ कंत्राटदार तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. आई दोघांना धरून उभी राहिली. त्या स्वयंपाकघरात कितीतरी वर्षांचं साचलेलं एकदाचं वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशीपासून ताई बोर्डाच्या पुढच्या बाजूला आली. बोर्ड तोच, बाबांचा. मागे दोन्ही हातांनी तो धरून छोटू उभा. हाताला लागलेली सवय मोडणं सोपं नव्हतं. बोटं आपसूक उलटी वळत, ती स्वतःवरच चिडे, तार कापून पुन्हा सुरुवात करे. पुढे बोटं सरळ वळायला लागली, तर एके दिवशी छोटूच ओरडला.

“अगं, पुन्हा उलटा घातलास.”

“इकडे येऊन बघ.”

तो बोर्ड भिंतीला टेकवून पुढच्या बाजूला आला, वाकून आकडा पाहिला आणि ओशाळला. आकडा बरोबर होता. परवानाधारक साहेबही मागून फसले होते!

“हात फार भरून येतात गं असे,” तो पुन्हा मागे जाऊन बोर्ड उचलत म्हणाला.

“कळलं का आता?”

“कळलं.”

“मग धर.”

दुसऱ्यांदा ती शेडमध्ये गेली तेव्हा छोटू फाटकाशी उभा होता. आत यायला त्याला परवानगी नव्हती, पण जाळीतून बघायला कोणी अडवलं नव्हतं. परीक्षक तेच होते. मागच्याप्रमाणेच त्यांनी दिव्याकडे पाहिलं नाही, मेन बंद केला आणि तार ओढली. आली नाही. दुसरी ओढली, आली नाही. शेवटच्या तारेला तर त्यांनी मनगटाला पीळ देऊन हिसका दिला. बोर्ड हलला, तार जागची हलली नाही.

“कोणी शिकवलं?” त्यांनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी त्यांच्या डोळ्यांत किंचित हसू होतं.

“धाकट्या भावाने,” ती मान वर करून, जाळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आणि त्याला परीक्षेला मी बसवलं होतं.”

परवाना हाती आला त्या संध्याकाळी छोटूने भीत भीत विचारलं, “आता तू तुझं वेगळं काम काढणार?”

“काढणार. तुझ्या दुकानासमोरच काढणार.”

“आणि मग माझ्या भिंती कोण फोडणार?”

“तुला हात आहेत की,” ताई म्हणाली.

तिच्या नावावर मिळालेलं पहिलं काम म्हणजे एक जुनं दुमजली घर होतं. घरमालक दारात उभा होता आणि सवयीने छोटूशीच बोलत होता. साहेब, बोर्ड इथे नको, तिथे घ्या. साहेब, बटण जरा खाली हवं. छोटूने केसांतला चुना झटकला. दिवसभर त्या घराच्या भिंती त्यानेच फोडल्या होत्या.

“मला विचारू नका,” तो म्हणाला. “काम ताईचं आहे. मी धरायला आलोय.”

घरमालकाने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी तिला, बटण कुठे हवं ते सांगायला लागला. ताईने ऐकून घेतलं, जिथे तो चुकत होता तिथे त्याला स्पष्ट सांगितलं, हात पुसले आणि स्टुलावर चढली. छोटूने खालून बोर्ड उचलून तिच्यापुढे धरला. ती पहिली तार सोलायला लागली. संपूर्ण बोर्ड बाकी होता, कितीतरी तारा बाकी होत्या, आणि तिला कसलीही घाई नव्हती.

“धर नीट,” ती म्हणाली. “हलू नकोस.”

छोटूच्या नाकावर माशी येऊन बसली. तो हलला नाही.